‘बॉर्डरवर आहे’ म्हणजे नेमकं कुठे?

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.१. आई म्हणाली, "बॉर्डरवरच आहे ना रे, मग देव पावला." ऐरोलीच्या ऑफिसात मित्राने पाठीवर थाप मारली, "सुटलास!" त्या आनंदात आम्ही खाली जाऊन कटिंग घेतला. साखरेचाच.

तेव्हापासून या ‘बॉर्डर’ शब्दावर माझा राग आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून मधुमेह. म्हणजे मी वेशीच्या बाहेर नाही, आत शिरून बराच पुढे आलोय. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आणि माझ्यासारखे १३.६ कोटी. वेटिंग लिस्टच मोठी आहे.

आणि मी बारीक! "तुला कसली शुगर होतेय" हे ऐकतच मोठा झालो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं सांगतायत की आपला माणूस वजनकाट्यावर हलका भरला तरी त्याच्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटात. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८०च्या आत हवा. बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजला, ९४ भरला. पॅंट मात्र अजून ३२चीच लागते, कारण मी ती पोटाखाली बांधतो.

जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. माझे स्नायू मुळातच बेताचे, त्यात नऊ तास खुर्चीत. मग स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून वर्षानुवर्षं वेळ मारून नेतं. आकडा हलायला लागतो तो त्याची दमछाक झाल्यावर. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) एक लक्षात घ्यावं: एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशेब मांडते. गणपतीतले मोदक तिला दसऱ्यापर्यंत आठवत असतात.

दुसरा राग ‘शुगर’ या एकाच शब्दावर, त्यात आपण वेगवेगळे आजार कोंबतो. माझ्या वाटेवरचा तो टाइप टू. आमच्या बिल्डिंगमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी आहे, तिला टाइप वन. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. यात चॉकलेटचा दोष नाही, आईच्या लाडांचा तर नाहीच. तरी लिफ्टमध्ये तिच्या आईला कोणीतरी कारल्याचा रस सुचवतंच. एका काकूंनी तर "इंजेक्शनची सवय लावू नकोस हो" असं बजावलं. काकू, १९२२मध्ये माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन मिळालं, त्याआधी अशी मुलं जगत नव्हती. ती सवय नाही, तिचा श्वास आहे. तहान, सारखी लघवी आणि झपाट्याने उतरणारं वजन, मुलांत हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या मुलीच्या वेळी आठवडाभर "उन्हाळा आहे" चाललं होतं.

तिसरा प्रकार आपण बारशाच्या घुगऱ्यांबरोबर विसरतो. मावसबहिणीला गरोदरपणात शुगर निघाली, बाळंतपणानंतर नॉर्मल झाली, फाइल माळ्यावर गेली. खरं तर बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि पुढेही दर एक-दोन वर्षांनी हवी, कारण अशा बायकांना टाइप टूचा धोका कितीतरी जास्त. पण बाळाच्या लसीच्या तारखा भिंतीवर लागतात, आईची तारीख कुठेच नसते.

टाइप वन आपल्या हातात नाही. टाइप टू बऱ्याच अंशी आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बॉर्डरवरच्या लोकांना सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं ध्येय दिलं होतं. साधारण तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्के. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर असाच प्रयोग केला, तेव्हा आहार-व्यायामाने घट आली सुमारे २८ टक्के. मला हा लहान आकडाच जास्त खरा वाटतो, तो माझ्यासारख्या पोटांचा आहे.

सध्या भाताची मूद अर्धी केलीय, उसळ दुप्पट. रात्री जेवल्यावर ठाण्यातल्या कचराळी तलावाला फेऱ्या. पाचपाखाडी-नौपाड्यातलं कोणी सोबत येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. तलावपाळीला बोलावू नका, तिथल्या खाऊच्या गाड्यांपुढे माझं काही खरं नाही.