एक भोक की चार भोकं? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. आईंच्या पोटावर चार भोकं पाडली, पुण्यात मावशींचं पित्ताशय बेंबीतल्या एकाच भोकातून काढलं म्हणजे इथले डॉक्टर जुन्या पद्धतीचे, आणि वर तीन दिवस खांदा दुखत होता ते कोणी आधी सांगितलं नाही, असं तुमचं म्हणणं. आईंचे रिपोर्ट मी इथे चारचौघांत काढणार नाही, बाकीचं बोलतो.

खांद्याचं आधी, कारण ती चूक आमचीच. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून फुगवावं लागतं, तेव्हा कुठे आत जागा होते. त्या गॅसचा त्रास छाती-पोटामधल्या पडद्याला होतो आणि त्याची नस येते मानेतून, म्हणून ऑपरेशन पोटाचं आणि कळ खांद्यात. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. पण हे आधी सांगायलाच पाहिजे होतं, रात्री खांदा धरून बसलेल्या माणसाला हार्टचं काही झालं की काय असंच वाटणार ना. आता सिस्टर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सांगतात, डिस्चार्ज कार्डवरही छापून घेतलंय.

चार भोकांचं मात्र नाही पटलं. जुनी पद्धत म्हणजे उजव्या बरगडीखाली वीतभर चीर. मुंबईत जे.जे.ला डॉ. उदवाडियांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हापासून आपल्याकडे हे सुरू झालं आणि चार भोकं हीच आजही नेहमीची पद्धत आहे. बेंबीपाशी दुर्बीण, छातीच्या हाडाखाली एक, आणि उजवीकडे ५ मिमीची दोन, त्यातलं कडेचं उगाच पाडल्यासारखं वाटतं पण त्यातूनच पित्ताशयाचं टोक धरून यकृतावर ढकलून ठेवतात, म्हणून खालची जागा उघडी दिसते. तिथे पित्ताशयाला येणारी नळी आणि रक्तवाहिनी या दोनच गोष्टी सुट्या दिसल्याशिवाय मी क्लिप लावत नाही, कारण शेजारूनच यकृताकडची मुख्य पित्तनळी जाते आणि ती चुकून कापली गेली तर पेशंटचे पुढचे कित्येक महिने हॉस्पिटलात जातात.

एका भोकातून करता येत नाही असं नाही. पण लोणच्याच्या अरुंद बरणीत दोन चमचे एकदम घालून फोड काढून बघा, हत्यारं तशीच एकमेकांना अडतात. वेळ जास्त लागतो, बेंबीतली चीरही दोन-अडीच सेंटीमीटरची, आणि तिथे पुढे हर्निया होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय. फायदा मुख्य म्हणजे व्रण बेंबीत लपतो. बारीक पेशंट, सूज नसलेलं पित्ताशय, हात बसलेला सर्जन असेल तर खुशाल करावं, मावशींचं छान झालं याचा आनंदच आहे. सूज असेल तर तेच सर्जन मध्येच आणखी एक-दोन भोकं पाडतात आणि ते बरोबरच करतात. (रोबोटचं पण लोक विचारतात, त्यातही बहुतेक वेळा तीन-चार भोकं असतातच, बिल मात्र वाढतं.)

माझा हात चार भोकांवर बसलाय आणि माझ्या घरच्यांचंही मी तसंच करीन.

आईंच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग आहे, त्या हो म्हणाल्या तर तुम्हालाही दाखवतो. पाचनंतर ओपीडीत गर्दी नसते, येताना डिस्चार्ज कार्ड आणा.