झाकून ठेवलंय, काही होत नाही

आमच्याकडे रात्रीची जेवणं साडेनऊला आटोपतात आणि खरी लढाई मग सुरू होते. उरलेल्याचं काय करायचं? पोळ्यांची चिंता नसते, त्या सकाळी कुसकरून फोडणीला जातात, वर इंदौरी शेव पडली की कुणी तक्रारही करत नाही. वाद भात आणि वरणावरून. सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, निकाल ठरलेला: "झाकून ठेवलंय, काही होत नाही."

झाकणामुळे पातेल्यात पाल पडत नाही, हे मला मान्य आहे. पण जे आधीच आत मुक्कामाला आहेत, त्यांची झाकणाने उलट सोयच होते.

दुसरं कलम फ्रिजचं. गरम पातेलं आत ठेवलं तर फ्रिज बिघडतो, म्हणून आधी निवू द्यायचं. वरण निवेपर्यंत मालिका संपते, अण्णांचा डोळा लागतो, आणि पातेलं दुसऱ्या कुणीतरी उचललं असेल या परस्परविश्वासावर सगळं घर झोपी जातं. सकाळी ते ओट्यावर तसंच. झाकण उचलावं तर आतून घामेजलेलं, वरणावर सुरकुतलेली साय आणि कडेला दोन-चार बारीक बुडबुडे. डावाने ढवळलं की मंद तार निघते. "उन्हाळा आहे, तेवढं चालायचंच," म्हणून आई हिंगाचा डबा पुढे ओढतात. हिंग, मोहरी आणि कढीपत्ता यांच्यापुढे कुठलाही पुरावा टिकत नाही.

उन्हाळ्याचा विषय मी काढला की त्या थेट इतिहासात शिरतात. 'शब-ए-माळवा' उगाच म्हणतात का? दिवसा कितीही तापो, माळव्याच्या रात्री गार! गार म्हणजे जूनमध्ये पंचवीस-सव्वीस अंश. गच्चीवर झोपणाऱ्याला ते सुख असेल, पण अन्नासाठी 5 ते 60 अंश हा सगळाच धोक्याचा पट्टा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. आमच्या ओट्यावरचं वरण त्या हिशेबाने रोज पहाटेपर्यंत ओव्हरटाइम करतं.

ही माहिती घरात आणली आमच्या लेकीने. ती मायक्रोबायोलॉजी शिकते आणि आजीला घाबरत नाही, हा योग दुर्मिळ.

"आजी, भाताची भानगड वेगळी आहे. त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात."

"मग सकाळी खरपूस परतते की!"

"जीवाणू मरतील. विष तसंच राहील. कुकरला लावलंस तरी."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच मुलीला फितवलं होतं. मी डबे पुसत राहिले.

"आणि सोयीचं वातावरण मिळालं तर काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. रात्री दहाला एक असेल तर पहाटे चारला अडीच लाखांच्या वर."

"एवढे? आणि मला एकही दिसला नाही?"

यावर घरातलं शेवटचं न्यायालय म्हणजे आईंचं नाक. त्या पातेल्यावर वाकतात, डोळे मिटतात, दीर्घ श्वास घेतात. बहुतेक वेळा निर्दोष सुटका. शंका आलीच तर खटला अण्णांकडे जातो. "अहो, जरा चव घेऊन सांगा." अण्णा बिचारे चमचा तोंडात घालून मान डोलावतात. भाताच्या या विषाने उलट्या व्हायच्या तर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही होतात. आईंना निकाल तिथल्या तिथे हवा असतो.

टाकून देणं मात्र त्यांना जमत नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. रेशनच्या रांगेत उभं राहिलेली ती पिढी. आमचं इंदूर 2017पासून स्वच्छतेत लागोपाठ पहिलं येतंय, ओला-सुका वेगळा करण्यात आम्ही पटाईत आहोत. फक्त आमच्या घरातला अर्धा ओला कचरा गाडीपर्यंत पोचत नाही, तो आमच्या पोटात जातो. त्यातून आईंच्या बाजूला देवीसुद्धा. श्रावणातली आपली शिळासप्तमी त्या पाळतातच, वर होळीनंतर इथली शीतला सप्तमीही. म्हणजे शिळं खाण्याचे दोन अधिकृत दिवस. उरलेले अनधिकृत.

खरी कसोटी असते रविवारी, दाल-बाफल्याच्या दिवशी. दाल मोठ्या पातेल्यात, पाहुण्यांच्या अंदाजाने, म्हणजे दुप्पट. खोल पातेल्यातली दाट डाळ वरून निवली तरी मधोमध तासन् तास कोमट राहते. लेकीने यावर उपाय सांगितला: पसरट भांड्यांत थोडी थोडी ओतायची, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवायची, वाफ गेली की सरळ फ्रिजमध्ये. भात ताटात पसरून पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी हवं तेवढंच काढून वाफा येईपर्यंत गरम करायचं, परत परत नाही.

परात ऐकून आईंचा चेहरा जरा निवळला. परात आपली, पाणी आपलं, म्हणजे हे काही अगदीच बाहेरचं शास्त्र नव्हतं. आता दहाच्या ठोक्याला ओट्यावर जलाशय तयार होतो, त्यात तीन पातेली डुलत असतात आणि आई पदर खोचून पहारा देतात. फ्रिज भरून वाहतो. दूध ठेवायला जागा नाही, विरजण कुठल्या डब्यामागे हरवलं ते कुणालाच ठाऊक नसतं. पण वरण आत असतं.

परवा त्यांचा बडोद्याच्या बहिणीशी फोन चालला होता, स्पीकरवर.

"अगं, वासबीस घेत बसू नकोस. त्या विषाला वास नसतो! ... नाही गं, तुझ्या नाकाला नावं नाही ठेवत. मला म्हणायचंय, जो माझ्या नाकाला आला नाही, तो तुला कुठून यायला?"