म्हणे ट्यूबच्या टोपीला टेस्टर लावा!

‘जुना १४ इंची पोर्टेबल टीव्ही भंगारात देऊ नका, दहा मिनिटांत घरीच चालू करा’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो आमच्या काकांपर्यंतही पोचला. त्यांनी पुढे पाठवला आणि खाली विचारलं, ‘झाकण उघडू का?’ नको काका. हे वाचून होईपर्यंत तरी नको.

मेसेजमधला सगळ्यात भयंकर सल्ला असा: ‘प्लग काढला की आत करंट नसतो. ट्यूबच्या रबरी टोपीखाली टेस्टर घालून बघा, दिवा पेटला तर ईएचटी चांगली.’ ईएचटी म्हणजे पिक्चर ट्यूबला लागणारं हजारो व्होल्टचं दाबाचं करंट. प्लग काढल्यावर करंट नसतो, तर मग दिवा पेटणार कशाने? लिहिणाऱ्याने स्वतःचीच दोन वाक्यं एकापाठोपाठ एक वाचलेली नाहीत. घरातला टेस्टर ५०० व्होल्टपर्यंतचा असतो, तसं त्याच्यावर छापलेलं असतं. छोट्या ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबच्या टोपीखाली दहा-बारा हजार व्होल्ट असतात आणि १४ इंची कलरमध्ये वीस हजारांच्या पुढे. वर टेस्टरच्या मागच्या टोकाला बोट लावायचं, म्हणजे अर्थिंग तुम्हीच.

प्लग काढल्यावरही हा चार्ज राहतो, कारण पिक्चर ट्यूब हाच एक मोठा कंडेन्सर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग आहे. काचेच्या आतून एक काळा थर, बाहेरून दुसरा, मध्ये काच. सेट बंद करून कित्येक तास झाले तरी झटका बसू शकतो. त्या झटक्याने हात जोरात मागे येतो आणि ट्यूबच्या बारीक मानेवर आपटतो. मान तुटली की आतल्या निर्वातात हवा घुसते आणि ट्यूब तिथेच संपते. काचा उडाल्या तर डोळ्यांनाही धोका.

डिस्चार्ज करायचाच तर असा. प्लग काढा. लांब, चपट्या, चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला क्रोकोडाइल क्लिपची वायर लावा. वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून ताणून बसवलेल्या तारेच्या जाळीला जोडा. पीसीबीवर (सगळे भाग बसवलेल्या पाटीवर) दिसेल तिथे जोडू नका, नाहीतर चांगला आयसी, म्हणजे चिप, जाईल. एक हात खिशात. दांडा टोपीच्या कडेखालून आतल्या धातूच्या कडीपर्यंत सरकवा. ‘टक्’ आवाज येईल किंवा येणारही नाही. थोडा वेळ तसाच धरा. पाचेक मिनिटांनी पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. कलर सेट असेल तर पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सरही आहे, त्यावर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी असतं. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता १०० वॉटचा पिवळा बल्ब होल्डरसकट लावून रिकामा करा आणि मीटरने खात्री करा.

ईएचटी आहे की नाही हे तर झाकण न उघडताच कळतं. सेट चालू करताना हाताची मागची बाजू काचेजवळ न्या. केस उभे राहिले, बारीक तडतड ऐकू आली, तर ईएचटी आहे. झालं काम.

दुसरा दावा: ‘मधोमध आडवी रेघ आली म्हणजे ट्यूब गेली.’ उलट ही रेघ दिसते म्हणजे ट्यूब चांगली आहे! रेघ उजळायला ट्यूबमधला हीटर, त्याने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड आणि ईएचटी लागतं. ईएचटी होरिझॉन्टल सेक्शनमधून, म्हणजे किरण आडवा फिरवणाऱ्या भागातून येतं, म्हणजे तोही चालू. मेला आहे फक्त व्हर्टिकल, किरण वर-खाली फिरवणारा. आधी ब्राइटनेस उतरवा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची जळेल. मग हाइटचा प्रीसेट (चित्राची उंची ठरवणारा, आतला छोटा फिरता कंट्रोल) किंचित हलवा. रेघ क्षणभर उघडली तर प्रीसेटचा ट्रॅकच खराब आहे. तसं नसेल तर व्हर्टिकल आयसीला सप्लाय मिळतोय का ते मोजा. १२ व्होल्टच्या बऱ्याच पोर्टेबलमध्ये तो यूपीसी १०३१ असतो. सप्लाय असेल तर योककडे (ट्यूबच्या मानेवरच्या तांब्याच्या कॉइलकडे) जाणारा कपलिंग कंडेन्सर बदला. बहुधा १००० मायक्रोफॅरडचा असतो. नवा २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा घाला. हाच कंडेन्सर पूर्ण न जाता नुसता सुकला की चित्राची उंची कमी होते, खालची बाजू दुमडते. मग आयसीचे पाय, योकचा प्लग. आयसी बदलायचा सगळ्यात शेवटी.

रेघ उभी असेल तर मात्र होरिझॉन्टल योकचा प्लग किंवा त्याच्या सिरीजमधला कंडेन्सर बघा.

‘नुसत्या मुंग्या दिसतात, म्हणजे ट्यूनर बदला.’ अहो, चित्र दिसायला सिग्नल तर हवा ना! ॲनालॉग प्रक्षेपण कालबाह्य झालंय, ते मार्च २०२२ पर्यंत गुंडाळणार आणि मोक्याच्या जागचे पन्नासेक ट्रान्समीटर तेवढे ठेवणार, असं प्रसार भारतीने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. गच्चीवरचा अँटेना कितीही फिरवा. स्वच्छ, भरपूर मुंग्या आणि स्पीकरमध्ये खरखर म्हणजे सेट बहुतेक ठणठणीत आहे. सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या वायरी आरएफ मॉड्युलेटरला, म्हणजे चित्र-आवाजाचा अँटेनासारखा सिग्नल करणाऱ्या डबीला द्या. मॉड्युलेटर पाल बी/जी या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीवर ठेवा, नाहीतर चित्र येईल आणि आवाज येणार नाही, कारण आपला साउंड ५.५ मेगाहर्ट्झवर. मागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील तर बालून, म्हणजे ७५ ओहमची गोल वायर ३०० ओहमच्या स्क्रूंना जुळवणारा छोटा जोड लागेल.

‘रंगाच्या डागांवर स्पीकरचं मॅग्नेट फिरवा.’ ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगाचे डाग येतच नाहीत. कलरमध्ये असं केलंत तर पडद्यामागची धातूची जाळी आणखी मॅग्नेटाइज होईल. सेट वीस मिनिटं बंद ठेवा, मग चालू करताना ‘ढुम्’ आवाज येतो का ऐका. येत नसेल तर डीगॉसिंगचा, म्हणजे जाळीचं चुंबकत्व घालवणाऱ्या सर्किटचा, पॉझिस्टर तपासा.

थाप मारायच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, मानतो. थापेने चित्र येत-जात असेल तर कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेला कथिलाचा जोड आहे. ईएचटी ट्रान्सफॉर्मर, योकचा प्लग, हीटसिंकवरचा ट्रान्झिस्टर यांच्या पायांभोवती भिंगातून बारीक गोल चीर दिसते. जुनं कथील काढून नवं भरा. थाप हे निदान झालं, दुरुस्ती नव्हे. तसंच ‘हीटरचा व्होल्टेज वाढवा’ हेही अर्धं खरं: फिकट, चंदेरी ट्यूब काही महिने उजळते, मग कायमची जाते.

पट्ट्या हळूहळू वर सरकतात, कडा वाकतात, याचं उत्तर मेसेजमध्ये ‘स्टॅबिलायझर घ्या’. पट्ट्या मोजा आधी. दोन असतील तर पॉवर सप्लायचा फिल्टर कंडेन्सर सुकलाय, एकच असेल तर ब्रिजचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) डायोड ओपन असू शकतो. दहा-वीस रुपयांची गोष्ट.

आणि शेवटी तो ‘लाल पारा’. जुन्या टीव्हीत लाखोंचा माल असतो म्हणे. २००९ मध्ये सौदीत हीच अफवा सिंगरच्या शिलाई मशिनांबद्दल उठली होती आणि लोकांनी अव्वाच्या सव्वा भाव मोजले. या टीव्हीत पारा नसतोच, ना लाल ना पांढरा. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, म्हणून ती फोडायचीही नाही. भंगारवाला आधी योक काढून घेतो तो तांब्यासाठी.

काका, तुमच्या सेटवर आडवी रेघ आहे, हो ना? ब्राइटनेस उतरवा आणि प्लग काढून ठेवा. रविवारी कंडेन्सर घेऊन येतो.