चावी कॉन्फिग फाइलमध्ये ठेवली, तर टोकन कशासाठी?

विदर्भातल्या पतसंस्था आणि जिनिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: "टोकनायझेशन टूल टाकलं की शेतकऱ्याचा आधार नंबर सुरक्षित. की सर्व्हर हा मोठ्या बँकांचा खर्च. खेड्यात लाइन गेली की तो सापडत नाही आणि काउंटर बंद पडतं. चावी टूलच्या फाइलमध्येच ठेवा." टोकनायझेशन म्हणजे खऱ्या नंबराऐवजी बदली नंबर, म्हणजे टोकन, वापरणं. चावी म्हणजे खरा नंबर कुलूपबंद करणारा आणि उघडणारा गुप्त आकडा, आणि की सर्व्हर म्हणजे ती चावी वेगळी जपणारा संगणक. मेसेजमधली लाइनची अडचण खरी आहे. बाकी सल्ला धोक्याचा आहे.

चावी फाइलमध्ये ठेवली, की संध्याकाळच्या बॅकअपच्या पेनड्राइव्हवर टोकनांचा तक्ता आणि चावी दोन्ही सोबतच जातात. तो हरवला की सगळे नंबर उघडे. "मग नुसता हॅश करू" असंही कोणी सुचवतं, म्हणजे नंबराचं उलट न फिरणारं रूप साठवू. पण आधारचा पहिला अंक २ ते ९ मधलाच असतो आणि बारावा अंक आधीच्या अकरांवरून निघतो. उरतात ८ हजार कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड त्या काही मिनिटांत तपासून टाकतं. खर्चाचं म्हणाल, तर आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी चाव्या एचएसएममध्ये, म्हणजे चाव्या जपणाऱ्या खास सुरक्षित यंत्रात, ठेवाव्यात, असं आधार देणाऱ्या यूआयडीएआयचं जुलै २०१७ चं परिपत्रकच सांगतं.

आता लाइन. टूल प्रत्येक शेतकऱ्यामागे सर्व्हरला विचारत नाही. सेवा सुरू होताना चावी घेतं आणि कॅशची (तात्पुरत्या साठ्याची) मुदत संपेपर्यंत मेमरीत ठेवतं. मुदत १२ तास ठेवा, म्हणजे कापूस खरेदीचा दिवस निघतो. कॅश डिस्कवर मात्र कधीच लिहू देऊ नका. मशीन बंद पडलं की मेमरी रिकामी होते, म्हणून यूपीएसवर मशीनसोबत राउटरही हवा. तोटाही समजून घ्या: चावी रद्द केली, तरी ती त्या मशीनवर १२ तासांपर्यंत चालू राहू शकते.

"की सर्व्हर जोडूनही चालत नाही" ही तक्रार मात्र बहुतेक वेळा तयारीतच अडकलेली असते. टूल आणि की सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या केएमआयपीसाठी टीसीपी ५६९६ पोर्ट बाहेर जाण्यासाठी उघडा. प्रत्येक मशीनला स्वतःचं क्लायंट सर्टिफिकेट (सर्व्हरला दाखवायचं डिजिटल ओळखपत्र) द्या. टूलमध्ये सर्व्हरचं तेच नाव लिहा, जे त्याच्या सर्टिफिकेटमध्ये आहे; तिथे आयपी टाकला की टीएलएस, म्हणजे ओळख तपासणारं सुरक्षित कनेक्शन, नाकारतं. एन्क्रिप्शनसाठी (नंबर कुलूपबंद करण्यासाठी) २५६ बिटांची एईएस चावी बनवली की ती 'प्री-अॅक्टिव्ह' असते. अॅक्टिव्हेट केल्याशिवाय तिने एन्क्रिप्शन होत नाही, आणि हीच पायरी सर्वांत जास्त सुटते. वारंवार लाइन जाणाऱ्या जागी जुन्या मशीनची सीआर २०३२ बॅटरी उतरलेली असली, तर तारीख काही वर्षं मागे जाते आणि लॉगमध्ये 'सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही' असं येतं. सर्टिफिकेट बदलत बसू नका, आधी तारीख पाहा.

चावी बदलली की सगळं बिघडतं, हे अर्धं खरं. नंबरासारखाच टोकन देणाऱ्या एफएफ१ पद्धतीत नवी चावी म्हणजे नवा टोकन, त्यामुळे एकच शेतकरी दोन खातेदार दिसतो. तिथे जुने टोकन सगळे एकदमच बदलावे लागतात. टोकन आणि कुलूपबंद नंबरांचा तक्ता ठेवणाऱ्या व्हॉल्ट पद्धतीत टोकन तेच राहतात, फक्त आतले नंबर नव्या चावीने पुन्हा एन्क्रिप्ट करायचे. शेवटची ओळ बदलेपर्यंत जुनी चावी निष्क्रिय ठेवा, नष्ट करू नका.