पडद्यामागचे गोल्ड मेंबर

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरच्या लिफ्टमध्ये रविवारी रात्री केबिन बॅग घेऊन शिरलात की प्रश्न येतोच. ‘परत बंगळुरू का?’ याला उत्तर सोपं आहे. दमलेला चेहरा करायचा आणि ‘हो ना, वैताग आहे नुसता’ म्हणायचं. त्यानंतरचा प्रश्न मात्र घातक. ‘कंपनी बिझनेस क्लासने पाठवत असेल ना?’ भलेभले फ्रीक्वेंट फ्लायर, म्हणजे सारखे विमानाने उडणारे, इथे तळमजला यायच्या आत उघडे पडले आहेत. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, फेऱ्या मोजायच्या नाहीत, तास मोजायचे. वर्षभर बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली केलंत गुडघे मुडपून, आणि एकदाच कधीतरी लंडनला जाताना बिझनेसमध्ये बसलात, तर फेऱ्यांच्या हिशेबात तुम्ही जवळजवळ अख्खे इकॉनॉमी. पण लंडन म्हणजे नऊ-दहा तास आणि बंगळुरू जेमतेम पावणेदोन. तासांनी मोजा, बिझनेसचा टक्का लगेच सुधारतो. किलोमीटरने मोजलंत तर आणखीच. तरीही आकडा सांगण्याजोगा होत नसेल तर ‘डोमेस्टिक मी धरतच नाही’ म्हणा. ज्यांच्या नशिबी लंडनही नाही त्यांनी ‘डिपेंड्स’ एवढंच म्हणून फोनमध्ये बघावं.

कारण खरा हिशेब चारचौघांत मांडण्यासारखा नाही. एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए-320 निओमध्ये 164 सीट असतात. त्यातल्या 8 बिझनेस, 24 प्रीमियम इकॉनॉमी आणि उरलेल्या 132 आपल्या. सोमवारी पहाटेच्या फ्लाइटला गेटपाशी विमान कंपनीच्या सोनेरी कार्डवाल्यांचा घोळका बघा, त्या आठांत तो कसा मावणार? कार्ड मिळतं सारखं उडाल्याने. सारखा उडतो तो, ज्याला कंपनी पिटाळते. आणि ज्याला सारखं पिटाळायचं त्याला स्वस्तातच पिटाळणार. साहेब वर्षातून दोनदा जातात, पुढे बसतात, आणि त्यांच्याकडे कार्डच नसतं. केंद्र सरकार निदान हे लिहून मोकळं होतं: वेतनस्तर 14 आणि त्यावरच्यांना बिझनेस, खालच्यांना इकॉनॉमी. ऐरोली-महापेकडच्या कंपन्या जास्त उदार. ‘आठ तासांवरची फ्लाइट असेल तर बिझनेस’ असा नियम असतो, आणि मग ट्रॅव्हल डेस्क तुम्हाला लंडनला दोह्यामार्गे पाठवतं. मुंबई-दोहा चार तासांच्या आत, दोहा-लंडन सातच्या आसपास, मधे पहाटे बाकावर पेंगणं. नियम शाबूत.

प्रायोरिटी बोर्डिंगचा हक्क मात्र सोडू नका. साधारण तीस इंचांच्या खोबणीत इतरांपेक्षा वीस मिनिटं आधी जाऊन अडकायला मिळणं हा मान आहे, तो मिरवून घ्यायचा असतो. अडचण एवढीच की आपल्या खोबणीकडे जायची वाट बिझनेसमधूनच जाते. तिथे कसं चालायचं याचा सराव घरी करावा. डाव्या-उजव्या हाताला दोन-दोन रुंद खुर्च्या, कुणाच्या हातात ज्यूस, कुणी नुकताच गरम रुमाल तोंडावरून फिरवलेला. नजर सरळ ठेवायची. रांग नेमकी तिथेच तुंबते, कारण मागे बाविसाव्या रांगेत कुणीतरी वर खोके कोंबत असतं. अशा वेळी खाली बसलेल्याच्या कपाळाला आपली लॅपटॉपची बॅग लागते. ‘सॉरी’ इंग्रजीतच म्हणावं, आणि अशा सुरात, की आपलीही सीट इथेच होती पण आज मुद्दाम मागे चाललोय.

ठाणेकराला खरं तर या अडचणीचं काही वाटायला नको. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली की अर्ध्या मांडीवर सीएसएमटी गाठणारी माणसं आपण. फक्त लोकलमध्ये ‘जरा सरका’ म्हणायची सोय आहे. विमानात मधल्या सीटवरच्याला हाताच्या दांड्यासाठी दोन्ही बाजूंना कोपरांनी लढावं लागतं, तेही समोर बघत, अक्षर न बोलता.

नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025ला सुरू झाला तेव्हापासून धोका वाढला आहे. अंधेरीच्या गर्दीत चेहरा लपायचा, उलव्याला खारघर-नेरूळपासून ठाण्यापर्यंतचं कुणीही भेटतं. शेजारचे काका तेविसाव्या रांगेत तुम्हाला बघून ‘अरे, तू इथे?’ म्हणाले तर गडबडू नका, इंग्वार काम्प्राड यांचं नाव घ्या. तुर्भ्याला ज्यांचं भलंमोठं दुकान आहे त्या आयकियाचे हे संस्थापक, अब्जाधीश असून इकॉनॉमीने फिरायचे. तेही नाइलाजाने नव्हे, हौसेने, हे काकांना सांगायची गरज नाही. काका हिशेबी असतील तर जीएसटी काढा: 22 सप्टेंबर 2025पासून इकॉनॉमीवर 5 टक्के आणि वरच्या वर्गांवर 18. ‘उगाच कशाला टॅक्स भरायचा?’ या वाक्यावर ठाण्यात वाद होत नाही. मात्र तक्रारीचा सूर लावू नका. 2009 मध्ये शशी थरूर परराष्ट्र राज्यमंत्री असताना ट्विटरवर इकॉनॉमीला ‘कॅटल क्लास’ म्हणून बसले आणि त्यांच्याच पक्षाने त्यांचे कान उपटले.

इंडिगोने एक काळ आपल्या अब्रूची फार काळजी घेतली होती. 2006 पासून विमानात वर्गच नव्हते, त्यामुळे जास्तीचे पैसे भरून पहिल्या रांगेत बसायचं आणि मोकळ्या पायांचा फोटो टाकायचा, की काम व्हायचं. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनीही दिल्ली-मुंबईवर बिझनेस क्लास आणला आणि फोटोतल्या भिंतीमागे अजून कुणीतरी बसलंय हे लोकांना कळायला लागलं.

जुनी कार्डं टाकू नका. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट 2019 मध्ये, विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विरघळली. बंद पडलेल्या कंपनीचे आपण प्लॅटिनम होतो, असं सांगितलं तर तपासणार कोण?

राहता राहिलं अपग्रेड, म्हणजे मागच्या तिकिटावर पुढची सीट. वर्षभराच्या तपश्चर्येनंतर व्हाउचर पदरात पडतं, ते नेमकं एकाचंच, आणि नेमकं सहकुटुंब गोव्याला जाताना ते वापरायची बुद्धी होते. चेक-इनच्या काउंटरवर ‘तू बस ना पुढे’ असं बायकोला म्हणणं तुम्हाला भाग आहे. जुन्या पिढीत याला ‘छे, तूच बस, तुझी पाठ दुखते’ असं उत्तर यायचं. हल्ली ‘बरं’ असं येतं, आणि पर्स, पाण्याची बाटली नि धाकटा तुमच्याकडे सोपवून ती पुढे जाते. पडदा ओढला जातो. धाकटा विचारतो, ‘बाबा, आई कुठे गेली?’ हे तो तासभर विचारतो.

परतीला सगळे मडगावहून वंदे भारतने थेट ठाण्याला उतरता. महिन्याभराने सोसायटीच्या हळदीकुंकवात विषय निघतो, विमानात कोण कुठे बसतं याचा. वर्षभरात बायकोचा विमानप्रवास एवढा एकच. फेऱ्यांनी मोजा, तासांनी मोजा, किलोमीटरने मोजा, शंभर टक्के बिझनेस. ‘आणि हे?’ असं कुणीतरी विचारतंच. ‘हे ना,’ ती म्हणते, ‘हे मागे असतात.’