जर्मनी: एक शिस्तप्रिय देश (इयत्ता आठवी, तुकडी ब)

मुलाला ‘देशोदेशींची संस्कृती’ या विषयावर शाळेत प्रेझेंटेशन करायचंय आणि चिठ्ठीत जर्मनी निघालाय? अभिनंदन. तुमचं, कारण ते करणार तुम्ही आहात. पोराचं काम आदल्या रात्री पाठ करायचं. उरुग्वे निघाला असता तर बसून वाचावं लागलं असतं. जर्मनीचं तसं नाही. तो आपल्याला जन्मतःच माहीत असतो: शिस्त, गाड्या, मॅक्सम्युलर आणि ‘तो’. चार स्लाइड इथेच झाल्या. आता खरा जर्मनी कुठून आत शिरणार नाही, एवढीच काळजी घ्यायची.

सुरुवात झेंड्यानं. काळा, लाल, सोनेरी, पट्टे आडवे. घाईत उभे लावलेत आणि रंग पुढेमागे झाले तर बेल्जियम होतो, पण परीक्षक म्हणून बोलावलेल्या बँकेतल्या साहेबांना ते कळायचं कारण नाही. मग राष्ट्रगीत. यूट्यूबवर जे पहिलं सापडेल ते पहिल्या ओळीपासून लावून द्या. १८४१ च्या त्या कवितेला तीन कडवी आहेत, राष्ट्रगीत म्हणून फक्त तिसरं गातात, आणि पहिलं कडवं नाझींनी असं काही वापरलं की ते कानावर पडलं तर आजचा जर्मन माणूस कानकोंडा होतो. २०१७ साली हवाईत फेड कपच्या सामन्याआधी नेमकं तेच गायलं गेलं आणि अमेरिकी टेनिस संघटनेला माफी मागावी लागली. तुमच्या सभागृहात तसलं काही होणार नाही. सगळे उभे राहतील, दोन-तीन पालक व्हिडिओ काढतील.

वेशभूषेला गुण वेगळे असतात, तेव्हा चामड्याची तोकडी विजार, वर पट्टे आणि पिसाची टोपी हवीच. भाड्याच्या दुकानात ‘जर्मन’ मागितलंत तर रॉबिन हूड देतील, घ्या. हा पोशाख बव्हेरिया आणि आल्प्सच्या आसपासचा, आणि बव्हेरिया हे सोळा राज्यांपैकी एक, असलं काही मुलाला सांगत बसू नका. एखाद्या जर्मन शाळकरी मुलानं भारत दाखवताना केरळपासून आसामपर्यंत सगळ्यांना फेटे बांधून भांगडा करायला लावला तर आपण किती चिडू, हे क्षणभर आठवा आणि विसरून जा. ऑक्टोबरफेस्टची स्लाइड याला जोडूनच. लिटरभराच्या मगांत ‘सफरचंदाचा रस’ असतो असं लिहा, मुख्याध्यापिका पुढच्या रांगेत असतात. हा उत्सव सुरू होतो सप्टेंबरात आणि त्याचं मूळ १८१० मधल्या एका राजपुत्राच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीत आहे, यातला सप्टेंबर गाळा. नावाशी जुळत नाही.

आता मुख्य स्लाइड: शिस्त आणि वक्तशीरपणा. इथे घड्याळाचं चित्र हवं आणि खाली ‘जर्मनीत गाड्या सेकंदावर धावतात’ हे वाक्य. डॉइशे बान या जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये साडेबासष्ट टक्केच वेळेवर होत्या, हा खुद्द त्यांचाच आकडा आहे. तोही कसा, तर सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरायचा नाही आणि रद्द झालेली गाडी मोजायचीच नाही. म्हणजे गाडी आलीच नाही तर ती उशिरा आली असं कोण म्हणणार? तिकडच्या फलाटावर एक घोषणा फार लोकप्रिय आहे: आज डब्यांचा क्रम उलटा आहे. त्याबरोबर फलाटावरच्या ‘अ’ अक्षराखाली उभी असलेली सगळी मंडळी, बॅगा, सायकली, एखादा कुत्रा, ‘फ’ अक्षराकडे पळत सुटतात आणि ‘फ’कडची मंडळी ‘अ’कडे. हे दृश्य बघून आपल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. म्हणून तर दाखवायचं नाही.

तरी कुणी खोदून विचारलंच की रोजच्या जगण्यात ही शिस्त दिसते कुठे, तर ‘स्वच्छता’ म्हणा आणि पुढच्या स्लाइडवर जा. थांबलात तर कचऱ्यात अडकाल. पिवळ्यात वेष्टनं, निळ्यात कागद, तपकिरीत भाजीची सालं, काळ्या-करड्यात उरलंसुरलं, आणि हे रंगसुद्धा गावागणिक थोडे बदलतात. काचेच्या बरण्यांची पिंपं वेगळी: पांढऱ्या काचेचं एक, तपकिरीचं एक, हिरव्याचं एक. निळी बाटली? हिरव्यात. आणि रविवारी टाकायची नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, दुकानं बंद. रविवारची ही विश्रांती १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होती आणि १९४९ च्या राज्यघटनेनं ते कलम जसंच्या तसं उचललं. आपल्याकडे ढोलपथकाचा सराव ज्या दिवशी असतो, त्या दिवसाच्या शांततेला तिथे घटनेचं संरक्षण आहे. मुलाला हे आवडेल, आणि तो रविवारी क्लास नको म्हणेल. गाळा.

स्टुटगार्टकडे तर इमारतीचा जिना झाडण्याची पाळी असते. ‘केरवोखे’ अशी पाटी ज्याच्या दारावर लटकते त्याचा तो आठवडा, आणि कोपरा नीट निघाला नाही तर खालच्या मजल्यावरच्या आजी ते बोलून दाखवतात. स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे. सोसायटीच्या सभेत मात्र हे बोलू नका, जिना कुणाचा यावर आधीच एक तक्रारअर्ज प्रलंबित असेल.

बाटल्यांचा प्रकार दाखवता येईल, पण अर्धाच. प्लास्टिकच्या बाटलीवर किंवा कॅनवर पंचवीस सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्राच्या तोंडात बाटली घातली की ती गरागरा फिरते, आतले दिवे तिचं लेबल वाचतात आणि शेवटी पावती मिळते. कॅन चेपला असेल तर यंत्र तो परत बाहेर ढकलतं. इथवर टाळ्या पडतात. यापुढचं बोलायचं नाही: संध्याकाळी स्टेशनवर एखादा नीटनेटक्या कोटातला म्हातारा कचऱ्याच्या डब्यात टॉर्च मारून बाटल्या शोधतो, आणि त्याला हात घालावा लागू नये म्हणून लोक रिकाम्या बाटल्या डब्याच्या बाहेर, कडेला उभ्या करून ठेवतात. युरोपातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था आणि त्या ओळीनं उभ्या केलेल्या बाटल्या एका स्लाइडवर मावत नाहीत.

इतिहासाशिवाय प्रेझेंटेशन अपुरं वाटतं. इथे आपला घराघरांतला लाडका सिद्धांत कामी येतो: ‘काहीही म्हणा, माणूस शिस्तीचा होता, रस्ते बांधले.’ कोलोन ते बॉन हा वेगवान रस्ता ‘तो’ सत्तेवर यायच्या आधी, १९३२ मध्येच सुरू झाला होता आणि त्याचं उद्घाटन कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी केलं होतं, ही माहिती सिद्धांताला मारक आहे. साठ लाख ज्यूंची हत्या ‘काही चुकाही झाल्या’ या एका बुलेटमध्ये बसवता येते. फाँट लहान करा. मुलाला चौकोनी मिशी लावून हात पुढे करायला लावलात तर हमखास हशा मिळेल. जर्मनीत त्या सलामाबद्दल फौजदारी खटला होतो, आपल्याकडे उत्तेजनार्थ बक्षीस. तिथल्या शहरांत फुटपाथच्या दगडांमध्ये तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले असतात, ‘इथे राहत होती’ असं लिहून पुढे नाव, जन्मसाल, कुठल्या छावणीत नेलं ते. गुंटर डेमनिग या कलाकारानं सुरू केलेल्या या कामात असे एक लाखाहून जास्त दगड बसलेत. नाव वाचायचं तर मान खाली घालावी लागते. ‘जर्मनी: एक महासत्ता’ या मथळ्याखाली हे शोभत नाही.

संस्कृतचे अभ्यासक म्हणून मॅक्सम्युलर घालाच. ते भारतात कधी आले नाहीत आणि आयुष्य ऑक्सफर्डमध्ये काढलं, तरी जर्मन शाळांत संस्कृत सक्तीचं आहे हा मेसेज त्यांच्याच फोटोसकट फिरतो. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या आणि पतंजलीचं महाभाष्य संपादित करणाऱ्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताचं नाव मात्र काढू नका. त्यांचा मेसेज कुणी पाठवलेला नाही.

लोकांचे फोटो निवडताना सोनेरी केसांचेच निवडा. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, ते पाहुणे म्हणून आले आणि राहिले, आणि आज दर चार माणसांत एकाहून जास्त जण बाहेरून आलेले किंवा बाहेरून आलेल्यांची मुलं आहेत. हे सांगितलंत तर खाद्यसंस्कृतीच्या स्लाइडवर सॉसेजशेजारी डोनर कबाब आणावा लागेल, आणि स्लाइड शाकाहारी करायची अडचण मुळात आहेच. पाव दाखवा.

कुणाची भाची-पुतणी तिकडे नोकरीला असेल तर तिला चुकूनही फोन लावू नका. ती ‘काका, घर मिळायलाच किती महिने गेले’ इथून सुरू करेल, घर बदललं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी अपॉइंटमेंट आणि ती अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली, मग कुठल्याशा कार्यालयानं फॅक्स मागितला ते सांगेल, आणि शेवटी वाढदिवसाला ऑफिसात केक आपणच न्यायचा असतो यावर रडेल. तुमच्या सगळ्या स्लाइड पुन्हा कराव्या लागतील.

निकालाचंही बघून ठेवा. जर्मन शाळेत १ हा सगळ्यात वरचा गुण आणि ६ म्हणजे सपशेल नापास. तेव्हा बाईंनी दहापैकी एक दिला, तर आजोबांना सांगायला ही एवढी एक माहिती शंभर टक्के खरी आहे.