मोकळ्या जागेचे अधिमूल्य आणि आत्याचे पापड

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा झाली आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. चेंबूरमधली आमची इमारत १९७४ सालची आहे, जिन्याखालच्या सळया उघड्या पडल्या आहेत, आणि ती पाडून नवी बांधावी याला माझा विरोध नाही. बिल्डरच्या वतीने आलेल्या तरुण वास्तुविशारदाने बदामाच्या झाडाखाली पडदा लावून नवा नकाशा दाखवला. तळमजल्यावरच्या काकांनी उठून विचारले, की मागच्या इमारतीपासून आपले अंतर एवढे कमी कसे काय चालेल? तो हसून म्हणाला, ‘‘काका, ते टेन्शन तुम्ही घेऊ नका. ओपन स्पेस डेफिशियन्सीचं प्रीमियम भरलं की झालं.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सभा पार्किंगकडे वळली. त्यानंतर एक तास पार्किंगवर चर्चा झाली.

ज्यांना ही भाषा परकी आहे त्यांच्यासाठी सांगते. दोन इमारतींमध्ये किती जागा मोकळी सोडायची हे विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या उंचीनुसार ठरलेले असते. तेवढी जागा सोडणे जमत नसेल, तर महापालिकेकडे अर्ज करून, कमी पडलेल्या जागेचे अधिमूल्य, म्हणजेच ते प्रीमियम, भरून सवलत घेता येते. म्हणजे जी हवा आणि जो उजेड माझ्या स्वयंपाकघरात यायचा, त्याची किंमत बिल्डर पालिकेला देणार, पालिका ती तिजोरीत जमा करणार, आणि स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावून बसणार मी. विकणारा एक, घेणारा दुसरा, आणि माल तिसऱ्याच्याच घरातला! एका बाजूला सहा मीटर मात्र नीट सोडलेले आहेत, कारण तिथे अग्निशमन दलाचा बंब फिरायला हवा. आग डोळ्यांना दिसते, म्हणून बंबाची वाट सोडून घ्यायला माणसे तयार असतात. फुप्फुसांत काय चालले आहे ते दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या वाटणीला अधिमूल्याची पावती येते.

मला सभेत बोलता आले नाही, कारण मला एकदम आत्याचे पापड आठवले आणि घशात काहीतरी अडकले.

माझी मोठी आत्या वडाळ्याला रेल्वेच्या रुळांलगतच्या झोपडीत तीस वर्षे राहिली. रेल्वेचे रूळ वाढवायचे ठरले तेव्हा तिथल्या सगळ्या कुटुंबांना मानखुर्दच्या बाजूला पुनर्वसनाच्या इमारतींत घरे मिळाली. तिला दुसऱ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरात नळ आणि घरातच संडास आला, आणि दारावर नावाची पाटी लागली. ते घर तिला किती आवडायचे हे मी पाहिलेले आहे. त्या घराविरुद्ध कोणी एक शब्द बोललेला तिला खपत नसे. झोपडीत राहणे बरे होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पक्के घर मिळालेच पाहिजे होते, आणि मिळाले ते चांगलेच झाले.

पण आत्या दर वैशाखात वाळवणे करायची. पापड, कुरडया, सांडगे. झोपडीच्या पत्र्यावर जुने लुगडे पसरून, त्याच्या चारी टोकांना विटा ठेवून ती ते वाळवायची, आणि लोकलच्या डब्यांतून लोक ते पाहत जायचे. नव्या घरात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिने सवयीने पीठ भिजवले आणि लाटून झाल्यावर तिच्या लक्षात आले, की आता हे ठेवायचे कुठे? गच्चीला कुलूप होते. तिच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर समोरच्या बाईच्या हाताला लागेल असे वाटावे इतक्या अंतरावर, दुसऱ्या इमारतीची भिंत होती. तिने पापड जमिनीवर पसरले, वर पंखा लावला आणि दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट चालू ठेवली. चौथ्या दिवशी पापडांना हिरवट बुरशी आली. ‘‘पीठच बाधलं गं,’’ असे ती मला म्हणाली. घराला दोष तिने दिलाच नाही.

त्या इमारती अशा का झाल्या, तर कोणा एका माणसाच्या चुकीने नव्हे, नियमाने झाल्या. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी किमान ५०० सदनिका बसवण्याची अट होती. पुढे ती वाढून ६५० झाली. एका हेक्टरवर जास्तीत जास्त किती माणसे राहावीत याची मर्यादा नगररचनाकाराने घालायची असते असे आपण समजतो, पण इथे गरिबांसाठी कमीत कमीची अट आहे, आणि वर मोकळ्या जागेची सूट आहे. त्यातून सात-आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून तीन-तीन मीटरवर उभ्या राहिल्या. जिथून उकिरड्याचा वास येतो, जिथे देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे, त्याच विभागात हे घडावे यातही कोणाला काही वाटले नाही.

आता मला सांगा, की हे ठाऊक नव्हते म्हणून झाले का? मुळीच नाही. या शहराला हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. शहर रिकामे होऊ लागले आणि दोन वर्षांत, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आज जिला शामलदास गांधी मार्ग म्हणतात ती प्रिन्सेस स्ट्रीट समुद्रावरचा वारा दाट वस्तीच्या पोटात शिरावा याच हेतूने कापून काढलेली आहे. दादर आणि माटुंग्याच्या वसाहती, पाच उद्याने, रुंद रस्त्यांकडेची ती झाडे, जिथे आज सदनिकांचे भाव ऐकून घेरी येते, ते सगळे त्या ट्रस्टच्या आखणीतून आलेले आहे. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर साडेत्रेसष्ट अंशांचा नियमच सांगितला होता. खोलीबाहेर इतकी जागा मोकळी हवी, की समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारी उजेडाची रेषा साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी होता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर सोडा. आत्याच्या खिडकीसमोरची इमारत साधारण तेवीस मीटर उंच होती. त्या हिशेबाने साडेअकरा मीटर हवे होते. होते तीन.

गंमत अशी, की त्या लोकांचा प्लेगबद्दलचा समज चुकीचा होता. कोंदट हवेतून प्लेग पसरतो असे त्यांना वाटत होते. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. निदान चुकले, पण औषध दुसऱ्याच रोगावर बरोबर लागू पडले. क्षयाच्या रुग्णाच्या खोकल्यातून उडालेले बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते पांगतात आणि ऊन लागले तर त्यातले जंतू मरतात. ही माहिती आता शाळेतल्या मुलांनाही असते. ट्रस्टने बांधली त्याहून जास्त घरे पाडली आणि गरिबांना देशोधडीला लावले हेही खरे आहे, मला कोणी टिप्पणीत ते शिकवू नये. पण निदान उजेड मोजावा लागतो एवढे तरी त्या साहेबांना समजत होते.

आत्याला तिसऱ्या वर्षी खोकला धरला. आधी धुळीचा, मग हवा बदलल्याचा, मग वयाचा असे म्हणता म्हणता तीन महिने गेले. अखेर मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. थुंकीची तपासणी झाली, क्षय निघाला. तिथल्या डॉक्टर बाईंनी गोळ्या लिहून देता देता विचारले, ‘‘आजी, घरात ऊन येतं का?’’ आत्या म्हणाली, ‘‘ऊन कशाला बाई, पंखा आहे की.’’ डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता वहीत काहीतरी लिहिले. नंतर म्हणाल्या, की त्या इमारतींमधून येणाऱ्यांना मी हा प्रश्न विचारतेच, उत्तर मला माहीत असते.

सहा महिने रोज मोफत गोळ्या घेऊन आत्या बरी झाली. तिच्या खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला मधेच गोळ्या सोडून गावी गेला, तो परत आला नाही. कोणी म्हणेल, की क्षय काय नुसत्या इमारतीमुळे होतो? कुपोषण आहे, मधुमेह आहे, उशिरा होणारे निदान आहे. आहे, सगळे आहे, मान्य. पण २०१८ मध्ये मानखुर्द-गोवंडीच्या अशाच वसाहतींचा अभ्यास झाला तेव्हा जिथे उजेड-वारा कमी, तिथे आणि विशेषतः खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण जास्त आढळले, आणि हे ऐकून त्या वसाहतींतल्या एकाही बाईला आश्चर्य वाटले नसेल.

माझा राग त्या तरुण वास्तुविशारदावर नाही. तो नियमाप्रमाणेच बोलत होता. माझा राग अशा व्यवस्थेवर आहे, जिच्यात आरोग्य खाते रुग्ण मोजते आणि इमारतींमधली अंतरे कमी करण्याची परवानगी त्याच पालिकेचा दुसरा विभाग पैसे घेऊन देतो. एकाच महापालिकेच्या एका खिडकीवर फुप्फुसांची जागा विकली जाते आणि दुसऱ्या खिडकीवर गोळ्या फुकट मिळतात. नगररचनेच्या टेबलावर बसलेला माणूस डॉक्टर नसतो, पण कोणत्या खोलीत माणूस आजारी पडेल याचा कागद त्याच्याच सहीने बाहेर पडतो. विकास आराखड्यात दवाखान्यासाठी, मैदानासाठी जागा राखून ठेवायच्या आणि मग त्या दहा वर्षांत ताब्यात घ्यायच्या नाहीत, म्हणजे जमीनमालकाने नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस दिली की पुढे आरक्षण रद्द होण्याचा मार्ग मोकळा. हाही त्याच टेबलाचा कारभार. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा आपण, म्हणजे तुम्ही आणि मी, त्या जाहिरातीच्या पानावर भाजी निवडत असतो. मीही निवडली आहे, नाकारत नाही.

मुंबईत जागा कमी आहे आणि माणसे जास्त, मग सगळ्यांनाच अंगण कुठून देणार, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. पण जागा कमी आहे हे कारण पार्किंगच्या बाबतीत कोणी दिलेले मी ऐकलेले नाही. आज मांडलेल्या नकाशात गाड्यांसाठी चार मजले आहेत, छान रुंद रॅम्प आहेत, आणि गाड्यांचा धूर बाहेर जावा म्हणून त्या चारही मजल्यांना वाऱ्याची सोय आहे. गाड्यांना वारा लागतो, हे मान्य झाले आहे.

इतके लिहून झाल्यावर मघाशी आत्याला फोन केला. ती आता ऐंशीची आहे, त्याच घरात आहे, आणि घर बदलायचे नाव काढलेले तिला आजही चालत नाही. माझी सगळी चिडचिड ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, की अगं, आमच्या जिन्याच्या चौकात वैशाखात ऊन येते. दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य अगदी डोक्यावर आला म्हणजे दोन इमारतींच्या फटीतून एक पट्टा खाली उतरतो आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबतो. त्या वेळी मजल्यावरच्या चार-पाच म्हाताऱ्या आपापली खुर्ची घेऊन तिथे येऊन बसतात. पापड आता ती करत नाही, पण कुरडयांची एक परात तेवढ्यापुरती पट्ट्यात ठेवते आणि ऊन सरकेल तशी परात पायाने सरकवते. पाच दिवसांत वाळतात, म्हणाली. हे तिने मला आनंदाने सांगितले. त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही, म्हणून मी तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. मी सचिवांना लेखी पत्र दिले आहे, की नकाशाबरोबर आपली आणि मागची, दोन्ही इमारतींचा उभा छेद, म्हणजे इमारती उभ्या कापल्यावर दिसेल तसे चित्र, प्रमाणात काढून सभासदांसमोर ठेवावा. कोणत्या सदनिकेला किती सवलत घेतली जाणार आहे हे प्रत्येक मजल्यासाठी वेगळे दाखवावे, असेही त्यात लिहिले आहे. काकांनी पत्रावर सही केली, आणखी सहा जणांनी केली, बाकीच्यांनी पार्किंगचे काय ते विचारले. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक मी काढून ठेवला आहे. त्यावर साडेत्रेसष्टची रेघ नाही, त्यामुळे ६३ आणि ६४ च्या मधोमध पेन्सिलीने खूण करून घेतली आहे.